लव्हेंडर, भट्टी आणि फुलांचं पाणी : तुमचे प्रश्न

मागच्या महिन्यात गवती चहाच्या तेलावर लिहिलं होतं, आणि पत्रं आली ती जवळजवळ सगळी लव्हेंडरची. मला बरंच वाटलं, कारण या झाडावर माझा फार जीव आहे आणि वाईजवळच्या आमच्या रानात ते मी स्वतः लावून बघितलंय. सगळी पत्रं इथे मावणार नाहीत म्हणून ज्यातून सगळ्यांना काही मिळेल ती घेतलीत.

ताई, पाचगणीच्या अलीकडे आमची दीड एकर जागा आहे, दोन खोल्या पाहुण्यांना देतो. काश्मीरकडे लव्हेंडरची शेतं झालीत तशी आपल्याकडे का नाही होणार, हवा तर थंडच आहे, पर्यटक पण फोटोला येतील. रोपं कुठून आणू? – एक वाचक, पाचगणी

रोपांचं नंतर बोलू, आधी पावसाचं बोलू. तुम्ही म्हणताय ती शेतं बहुतेक भद्रवाहची. ते जम्मूच्या डोडा जिल्ह्यात आहे, तिथे मका लावणाऱ्या शेतकऱ्यांना सीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेच्या अरोमा मिशनमधून, म्हणजे सुगंधी पिकांच्या योजनेतून, रोपं मिळाली, तेल काढायच्या भट्ट्या मिळाल्या आणि लोकांनी चांगलं काम उभं केलं. पण भद्रवाहला हिवाळ्यात बर्फ पडतो. पाचगणीची उंची साधारण १३०० मीटर, भद्रवाहची १६००, आकडे बघून वाटतं की फार फरक नाही, पण झाडाला उंची कळत नाही हो, त्याला थंडी आणि ओल कळते.

लव्हेंडर मूळचं भूमध्य समुद्राच्या बाजूचं. तिकडे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत, म्हणजे आपल्या बरोब्बर उलटं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा उबदार आणि मुळाशी सतत पाणी, आणि या झाडाला नेमकं तेच चालत नाही, मूळकूज लागते. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, पाचगणीला त्याच्यापेक्षा बराच कमी, पण लव्हेंडरच्या हिशेबाने तोही खूपच.

मी ऑक्टोबरात ८० रोपं लावली होती. उन्हाळा मस्त काढला त्यांनी, मला वाटलं जमलं आता. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एकेक झुडूप करडं पडायला लागलं, उपटून बघितलं तर मुळं तपकिरी आणि साल नुसती बोटाने निघून येत होती. गणपतीत मोजली तर ११ उरलेली. आणि ती ११ कुठे होती, तर विहीर खणताना निघालेल्या मुरमाचा ढीग आहे त्याच्या उतारावर, जिथे मी उरलेली रोपं अशीच खोचून दिली होती! मेहनत घेतलेले वाफे गेले आणि ढिगावरची जगली. त्या दिवशी मला पाण्याचा निचरा म्हणजे काय ते कळलं, त्याआधी नुसतं वाचलं होतं.

आता फुलाचं. खरं लव्हेंडर, म्हणजे अँगुस्टिफोलिया जात, तिला भरपूर फुलायला आधी कडक थंडी लागते आणि मग मोठा दिवस लागतो. फ्रान्समध्ये जूनचा दिवस साडेपंधरा तासांचा असतो, आपला सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या थोडासाच वर. म्हणून माझी ११ झुडपं जगली पण फेब्रुवारीत सगळी मिळून फुलं आली मूठभर. ती मी उकळली. तेल म्हणाल तर पाण्यावर नुसती चकाकी, पण ते पाणी ज्या दिवशी काढलं त्या दिवशी माजघरापर्यंत वास होता, तो मी विसरणार नाही.

तेव्हा दीड एकर लावू नका. पाहुण्यांसाठी करायचंच असेल तर वीस-पंचवीस कुंड्या करा, निम्मा मुरूम-वाळू, निम्मी माती, शेणखत अगदी नावाला, आणि मेच्या शेवटी सगळ्या पत्र्याखाली घ्या जिथे उजेड आहे पण पागोळी पडत नाही.

आमच्या गावात एक कंपनीवाले आले, लव्हेंडरची रोपं देतो, तेल आम्हीच विकत घेतो, लेखी देतो म्हणाले. मी २ एकराचे पैसे भरले. रोपं आली, ती तग धरून आहेत पण वास वेगळाच येतो, आणि आता फोन उचलत नाहीत. आमचं रान मुरमाड आहे, पाऊस कमी. काय करू? – एक शेतकरी, खटाव तालुका

दादा, तुमचं पत्र वाचून दोन दिवस मन लागलं नाही. पैशाचं आधी सांगते, जे लेखी दिलंय ते, पावत्या, बँकेतून गेलेल्या पैशाची नोंद, फोनवरचे मेसेज सगळं एका फाईलला लावा आणि तालुक्याच्या एखाद्या वकिलाला दाखवा, आणि हे लवकर करा. गावात अजून कोणी पैसे भरले असतील तर सगळे मिळून जा.

आता रोपांचं. एक पान तोडून उजेडात धरा. पानाच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते आहेत का? असतील तर ते डेंटाटा. पान शेपूच्या पाल्यासारखं कातरलेलं असेल तर मल्टिफिडा. हे दोन्ही लव्हेंडरच, खोटं कोणी म्हणणार नाही, उष्णता पण जास्त सोसतात आणि नर्सरीत आपल्याकडे हेच जास्त मिळतं, पण लव्हेंडर तेल म्हणून बाजार जे मागतो ते यातून निघत नाही. डेंटाटाला निलगिरी-कापराच्या अंगाचा वास असतो. खऱ्या लव्हेंडरचं पान अरुंद, करडं-हिरवं, कडा सरळ, बिनदात्याची.

तेलाची जात ठरते जीसी रिपोर्टवर, म्हणजे तेलात कुठला घटक किती टक्के ते सांगणाऱ्या प्रयोगशाळेच्या तपासणीवर. त्यात वास देणाऱ्या घटकांपैकी लिनॅलूल आणि लिनॅलिल अ‍ॅसिटेट ही दोन नावं बघायची, खऱ्या लव्हेंडर तेलात ही दोन मिळून निम्म्याहून जास्त भरतात आणि कापूर अगदी थोडा असतो. लव्हँडिन म्हणून संकरित जात आहे, तिच्यात तेल जास्त निघतं पण कापूरही जास्त, म्हणून भाव कमी. कोणी बायबॅक, म्हणजे तेल आम्हीच विकत घेतो, म्हणालं की पहिला प्रश्न हा विचारायचा की कुठल्या जातीचं तेल, रिपोर्टमध्ये किती टक्के असलं तर घेणार आणि किती नसलं तर परत करणार, आणि ते करारात लिहिलंय का. तेलाच्या आकड्याचंही तसंच, ताज्या फुलांच्या १०० किलोला खऱ्या लव्हेंडरचं तेल साधारण एक किलो, कधी त्याच्या निम्मंच. यापेक्षा फार मोठा आकडा कोणी सांगितला तर तिथेच थांबायचं.

तुमची रोपं उपटू नका पण. जगलीत तर बांधाला लावा, मधमाश्यांना फार आवडतात. बाकी रान मुरमाड आहे, पाऊस कमी आहे तर रोशा गवत (याचंही सुगंधी तेल निघतं) किंवा गवती चहाचा विचार करा, पण तेही आधी दहा गुंठेच.

यूट्यूबवर बघून कुकरमधून हायड्रोसोल काढला, वास छान होता, पण वीस दिवसांत बाटलीत पांढरे धागे तरंगायला लागले. चेहऱ्याला लावत होते, आता भीती वाटतेय. काय चुकलं? – एक वाचिका, विटा

ती बाटली ओतून टाका, गाळून परत वापरू नका. धागे म्हणजे बुरशी. घाबरण्यासारखं नाही पण चेहऱ्याला तर अजिबात नको.

हायड्रोसोल म्हणजे आपलं गुलाबपाणी हो, तेच ते. वाफ फुलांतून जाते, वासाचे कण उचलते, थंड झाली की खाली पाणी येतं आणि त्याच्यावर तेल तरंगतं. मजा बघा, लिनॅलूल एकटं उकळायचं म्हटलं तर १९८ अंश लागतात, पण वाफेबरोबर ते शंभराच्या आतच निघून येतं, नाहीतर फूल जळूनच गेलं असतं. आणि तेलाचा अगदी थोडासा अंश त्या पाण्यात विरघळून राहतो, तोच त्याचा वास. त्यात टिकवणारं काही नसतं, म्हणून ते दुधासारखं सांभाळायचं.

बाटली काचेची आणि गडद रंगाची, दहा मिनिटं उकळत्या पाण्यात, मग उलटी ठेवून पूर्ण कोरडी. हात, गाळणं, फनेल सगळं उकळलेलं. भरलं की लगेच झाकण आणि फ्रिज. स्प्रेची बाटली छोटी ठेवा, मोठ्या बाटलीत रोज बोट घालू नका (बहुतेक तुमचं इथेच चुकलंय). असं ठेवलं तर सहा महिने आरामात जातं. गढूळ दिसलं, आंबूस वास आला की फेकायचं. आणि ताजं असलं तरी आधी कोपराच्या आत लावून एक दिवस बघा, डोळ्यात घालू नका, तान्ह्या बाळाला तर नकोच.

कुकरबद्दल मात्र मला काळजी वाटते. शिट्टीच्या जागी नळी लावतात, आत एखादी पाकळी जाऊन अडकली किंवा नळी मुडपली तर वाफेला वाटच राहत नाही. त्यापेक्षा जाड बुडाचं पातेलं घ्या, मधे उंच ठोकळ्यावर स्टीलची वाटी, भोवती फुलं आणि फुलं जेमतेम भिजतील एवढं पाणी, झाकण उलटं ठेवायचं आणि त्याच्यावर बर्फ. वाफ झाकणाला लागून मधल्या मुठीवरून थेंब थेंब वाटीत पडते. गॅस अगदी बारीक. वाटी भरत आली की थांबा, पुढचं पाणी फिकं आणि उकडलेल्या पाल्याच्या वासाचं येतं. लव्हेंडरच पाहिजे असं नाही, देशी गुलाब, तुळस, गवती चहा सुंदर उतरतात. मोगरा मात्र घरच्या पातेल्यात नीट उतरत नाही, वासाला जो जीव असतो तो उकळताना जातो.

कासच्या पठारावर जांभळी फुलं येतात ती लव्हेंडरच्या जातीची आहेत का, त्याचं तेल निघेल का? – एक विद्यार्थी, सातारा

नाही, अजिबात नाही. तिथे जांभळं-गुलाबी दिसतं ते तेरडा, कारवी, सीतेची आसवं असलं. ती आपल्या सह्याद्रीची फुलं आहेत, कास जागतिक वारशात २०१२ पासून आहे, तिथलं एक फूलही तोडायचं नाही. तुझी आवड बघून छान वाटलं, घरी तुळशीपासून सुरुवात कर.

आमची सांगलीजवळ हळद असते. काढणीच्या वेळी पाला कापून बांधावर टाकतो. त्याचं तेल निघतं म्हणतात ते खरं का? मित्राची गवती चहाची भट्टी आहे, त्यात चालेल का? – एक वाचक, मिरज तालुका

खरं आहे, आणि मला वाटतं आपल्याकडे लव्हेंडरचा विचार करणाऱ्या दहांपैकी नऊ जणांनी आधी हे करून बघावं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते गड्ड्याला, पाल्याला कोणी विचारत नाही, आणि पाला तर तुमच्याकडे फुकट आहे.

पाला पूर्ण वाळायच्या आत घ्या, पिवळट-हिरवा असताना, पण गड्डा पोसायच्या आधी तेलाच्या मोहापायी कापू नका, पीक ते महत्त्वाचं. अर्धा दिवस सावलीत सुकवा म्हणजे भट्टीत जास्त मावतो, मग वीतभर तुकडे करा. भरताना सगळीकडे सारखं चेपा, एका बाजूला सैल राहिलं की वाफ तिथूनच निघून जाते आणि बाकीचा पाला नुसता गरम होऊन बसतो, निम्मं तेल असंच जातं. पाला पाण्यात बुडवायचा नाही, जाळीवर ठेवायचा आणि खालून वाफ. लव्हेंडरला तर हे फारच महत्त्वाचं, पाण्यात उकळत ठेवलं की लिनॅलिल अ‍ॅसिटेट फुटतं आणि वासातला गोडवा जातो.

कंडेन्सरचं, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या नळीभोवतीचं, पाणी गार पाहिजे. नळीतून येणारं पाणी हाताला कोमट लागलं तर ठीक, चटका बसला तर तेल हवेत चाललंय समजा. तीन-चार तास लागतील. तेल पाल्याच्या एक टक्क्याच्या आतच धरा.

मित्राची भट्टी चालेल पण गवती चहाचा वास हट्टी असतो. पाला न भरता नुसती वाफ तासभर सोडा, सेपरेटर (तेल आणि पाणी वेगळं होतं ते भांडं) सोडा घालून धुवा. जळणाला चिपाड आहेच, आणि उकडलेला पाला वाळवून पुढच्या खेपेला जाळता येतो. एक खेप काढा, तेल तपासून घ्या, विकणारा गाठ पडला तरच स्वतःच्या भट्टीचं बघा, आधी नाही.

जिरॅनियमचं पहिलं तेल काढलं, पण त्याला जळका, कोबी उकडल्यासारखा वास येतोय आणि थोडं गढूळ आहे. सगळं वाया गेलं का? – एक वाचिका, कोरेगाव

नाही गेलं. ताज्या तेलाला भट्टीचा वास असतोच, लव्हेंडरलाही असतो, सगळ्यांनाच पहिल्यांदा धक्का बसतो. जळका म्हणताय तर एकदा टाकीचं बूड बघा, पाणी संपून पाला बुडाला लागला असेल तर काळा डाग दिसेल, तसं असेल तर तो वास जात नाही. डाग नसेल तर काळजी सोडा. गढूळपणा म्हणजे आत राहिलेलं पाणी, तेल उभट काचेच्या भांड्यात रात्रभर ठेवा, पाणी खाली बसेल, वरचं तेल हळूच काढून कोरड्या बाटलीत घ्या. तोंडाला स्वच्छ फडकं बांधून अंधाऱ्या, गार जागी दोन-तीन दिवस ठेवा, मग घट्ट बूच लावा. पंधरा दिवसांनी कागदाच्या पट्टीवर एक थेंब घेऊन वास बघा, लगेच एकदा आणि तासाभराने परत एकदा, आणि मला कळवा काय वाटलं ते.