४०० किलोमीटरच्या विमानप्रवासाला सव्वा तास कसा?

प्रश्न : दोन छोट्या विमानतळांमधले अंतर एक संकेतस्थळ ४०० किलोमीटर सांगते आणि उड्डाणाला अर्धा तास लागेल म्हणते. दुसरे ४२० किलोमीटर दाखवते. तिकिटावर मात्र सव्वा तास छापलेला आहे. खरे काय मानायचे?

उत्तर : वेळेसाठी तिकिटावर विसंबा. अर्धा तास हा निव्वळ भागाकार आहे : ४०० भागिले ताशी ८००, म्हणजे जेट विमानाचा वेग. छोट्या मार्गांवर बहुधा पंख्याची टर्बोप्रॉप विमाने असतात. त्यांपैकीच एक असलेल्या एटीआर ७२ चा वेग ताशी साधारण ५०० किलोमीटर असतो, म्हणजे इथेच हिशेब चुकला.

शिवाय ४०० किलोमीटर ही पृथ्वीच्या गोलावरून ताणलेल्या दोरीची लांबी. विमान त्या दोरीवरून जात नाही. वाऱ्याकडे तोंड करून उडायचे, मग वळून हवाई मार्गाला लागायचे आणि शेवटी धावपट्टीच्या रेषेत यायचे, यात सहज ३० किलोमीटर वाढतात. ४३० किलोमीटरला ताशी ५०० ने ५२ मिनिटे होतात. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्याची ८ मिनिटे धरली की हवेतला एक तास झाला. निघताना धावपट्टीपर्यंत जायला १० आणि उतरल्यावर जागेवर यायला ५ मिनिटे. तिकिटावरची वेळ जागेवरून चाके हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतची असते, म्हणून सव्वा तास.

वारा हा आकडा हलवतो. समोरून ताशी ६० किलोमीटरचा वारा असेल तर त्या ५२ मिनिटांची ५९ होतात, पाठीमागून असेल तर ४६. जाता-येता वेळापत्रकात फरक दिसला तर तो बहुतेकदा यामुळेच. मात्र दोन ठिकाणची घड्याळे वेगळी नाहीत ना, हे आधी पाहा. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात.

आता ४२० चे कोडे. पृथ्वी पूर्ण गोल धरली की ध्रुवांकडे किंचित चपटी, याने अर्ध्या टक्क्याच्या आसपासच फरक पडतो, म्हणजे इथे फार तर २ किलोमीटर. २० किलोमीटरचा फरक असेल तर अक्षांश-रेखांश तपासा. १८ अंश ३० मिनिटे म्हणजे १८.५०, पण १८.३० असे भरले जाते आणि विमानतळ तिथल्या तिथे २२ किलोमीटर सरकतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे विमानतळाऐवजी शहराच्या मध्याचा बिंदू घेणे. विमानतळाचा तीन अक्षरी कोड घालून शोधले की दोन्ही टळतात. आकडा सागरी मैलांत आला तर १.८५२ ने गुणा.

प्रश्न : याच मार्गावर जेट असते तर वेळ निम्मा झाला असता का?

उत्तर : नाही. दर हजार फूट उतरायला सुमारे ३ सागरी मैल लागतात. ३५,००० फुटांवरून उतरायला १०५ सागरी मैल, म्हणजे जवळपास १९५ किलोमीटर. चढायलाही साधारण तेवढेच. ४०० किलोमीटरमध्ये पूर्ण वेगाने सरळ उडायला जागाच उरत नाही, म्हणून जेट अशा मार्गावर कमी उंचीवरच राहते. जमिनीवरची १५ मिनिटे तर तशीच राहतात. एकूण फायदा १०-१५ मिनिटांचा, आणि तेवढ्यासाठी इंधन बरेच जास्त. अशा अंतराला टर्बोप्रॉपच योग्य.