पोटावरची लोंबती कातडी काढायचीच आहे, पण 6 लाख 20 हजार एकदम कशाला?

ताई, तुमच्या पत्रातला मुद्दा आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही कळेल. वय 38, नाशिक, वीस महिन्यांपूर्वी वजन कमी करायची स्लीव्ह सर्जरी झाली, वजन 118 किलोवरून 71 वर आलं. शुगर आणि बीपीच्या गोळ्या बंद झाल्या. पण पोटाची कातडी खाली लोंबते, घडीत घाम साचून फंगल इन्फेक्शन होतं, उन्हाळ्यात तर रक्त येईपर्यंत चिरतं. दंड आणि मांड्यांचंही तसंच. प्लास्टिक सर्जनने तिन्ही मिळून 6 लाख 20 हजारांचं एस्टिमेट दिलंय, नुसत्या पोटाचं 2 लाख 40 हजार. तुमचा प्लॅन असा की 5 लाखांची एफडी मोडून त्यातले 3 लाख घालायचे आणि 3 लाख 20 हजारांचं पर्सनल लोन काढायचं. मिस्टरांचं म्हणणं, हा सगळा दिसण्याचा खर्च आहे, तो पैसा मुलीच्या अकरावी-बारावीसाठी राहू दे. आणि तुमचा प्रश्न, मी स्वार्थी आहे का.

नाही. हे आधीच सांगून टाकतो कारण पत्रभर तुम्ही माफी मागितल्यासारखं लिहिलंय आणि ते वाचून मला वाईट वाटलं. जी बाई लग्नाच्या पंगतीत दोन घासांत उठते आणि वर "बाई आजारी आहेस का" हे ऐकून घेते, केस गळले तेव्हा उशीवरचा पुंजका गोळा करून कोणाला दिसू नये म्हणून फेकते, तिने एवढं सगळं केल्यावर स्वतःच्या अंगावरची जखम बरी करायला पैसे मागणं याला स्वार्थ म्हणत नाहीत. माझ्याकडे पैशाच्या सल्ल्यासाठी ही सर्जरी झालेली बरीच माणसं येतात आणि जवळपास सगळ्यांचं एक म्हणणं असतं, ऑपरेशनच्या आधी सगळ्यांनी वजनाबद्दल सांगितलं, नंतरच्या खर्चाबद्दल कुणी बोललंच नाही. ते आज बोलू.

घरात 78,000 येतात, तुमचे 46 आणि मिस्टरांच्या गॅरेजचे सरासरी 32. घराचा हप्ता 17,500, घरखर्च 38,000, मुलीचा क्लास 6,000, एसआयपी 5,000 आणि तुमचं प्रोटीन, मल्टीव्हिटॅमिन, कॅल्शियम, बी12, डी आणि सहा महिन्यांच्या ब्लड टेस्ट हे महिन्यावर पसरून 4,500. म्हणजे 71,000 गेले आणि हातात राहिले 7,000. आता 3 लाख 20 हजारांचं लोन 14 टक्क्यांनी चार वर्षं घेतलं तर हप्ता होतो साधारण 8,750. शिल्लक 7,000 आणि हप्ता पावणेनऊ हजार, म्हणजे हे पहिल्याच महिन्यात बसत नाही, आणि चार वर्षांत नुसतं व्याज एक लाखाच्या आसपास जातं. हॉस्पिटलच्या काउंटरवर जी 12 महिन्यांची बिनव्याजी स्कीम सांगितली तिचा तर विचारच नको, तिथे महिन्याला 51,000 च्या वर भरावे लागतील.

आणि हप्ता भरायला पैसे कमी पडले की घरातला कुठला खर्च पहिला कापला जाईल ते मला आत्ताच दिसतंय. तुमचे 4,500. घराचा हप्ता चुकवता येत नाही, मुलीचा क्लास बंद करवत नाही, मग बाई म्हणते या महिन्यात प्रोटीनचा डबा राहू दे, गोळ्या पुढच्या महिन्यात आणू. हे मी होताना बघितलंय आणि त्याचा शेवट आयर्नची सलाइन लावण्यात होतो, तो खर्च गोळ्यांपेक्षा कितीतरी जास्त आणि हातापायाला मुंग्या, चक्कर, अशक्तपणा वेगळाच. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त काढून टाकतात, खाणं कमी होतं ते कायमचं, म्हणून सप्लिमेंट पण कायमचे. हे 4,500 म्हणजे तुमच्या शरीराचा हप्ता आहे असं समजा, घराच्या हप्त्याच्या रांगेत वर बसणारा, आणि हा कधी फिटत नाही. एक जमेची बाजू आहे, शुगर-बीपीच्या गोळ्यांचे 2,200 वाचले असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे खरा वाढीव खर्च 2,300 च आहे, हे मिस्टरांनाही दाखवा, त्यांना बहुतेक फक्त प्रोटीनच्या डब्याची किंमत दिसत असेल. विमा मात्र या गोळ्यांचे पैसे देत नाही, हॉस्पिटलात ॲडमिट असताना किंवा डे केअरच्या, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडतात अशा उपचाराच्या क्लेममध्ये डॉक्टरने लिहून दिलं तरच व्हिटॅमिन धरतात, घरी आणून खाल्लेलं नाही.

आता ऑपरेशनकडे येऊ. मला तिन्ही एका बिलात नको आहेत. पोट आणि दंड-मांड्या हे पैशाच्या दृष्टीने पूर्ण वेगळे दोन खर्च आहेत.

कारण सांगतो. आरोग्य विम्यातली न मिळणाऱ्या खर्चांची भाषा आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, 2019 मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. वजनाच्या सर्जरीला त्यात अटी घालून जागा आहे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 40 किंवा जास्त, किंवा निदान 35 आणि सोबत आटोक्यात न येणारी टाइप 2 डायबेटिस, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं), हृदयरोग असं काही. तुमचा बीएमआय तेव्हा 46 होता आणि तुमच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून सर्जरीच्या 3 लाख 60 हजारांपैकी 2 लाख 90 हजार मिळाले. कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीचं कलम वेगळं आहे, ते सरळ नाही म्हणतं पण त्यात एक दार उघडं ठेवलंय, रुग्णाच्या आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका असेल, तो दूर करायला ही सर्जरी वैद्यकीयदृष्ट्या गरजेची असेल आणि उपचार करणारा डॉक्टर तसं सर्टिफाय करत असेल तर चालतं. दंड-मांड्या या दारातून जाणं कठीण. पोटाची लोंबती घडी, जिच्याखाली वारंवार इन्फेक्शन होतंय आणि औषधाने बरं होत नाहीये, तिच्यासाठी निदान भांडायला जागा आहे.

पण ते कागदावर दिसलं पाहिजे, आणि तुमच्याकडे आत्ता कागद नाहीत! मेडिकलमधून स्वतःच मलम आणून लावताय. आजपासून स्किनच्या डॉक्टरकडे जा, दर वेळी प्रिस्क्रिप्शन, बिल, तारखेसकट फोटो, काय लावलं आणि परत कधी उठलं याची नोंद ठेवा. मग सर्जनला स्पष्ट विचारा की माझ्या पोटाला नक्की काय लागतं. नुसती लोंबती कातडी आणि चरबी काढणं याला ते पॅनिक्युलेक्टमी म्हणतात आणि त्यात पोटाचे स्नायू आवळून आकार देणं आलं की ती ॲबडॉमिनोप्लास्टी, लोक टमी टक म्हणतात ती. दुसरीला विमा कंपनी कॉस्मेटिक म्हणणारच. काय करायचं ते सर्जनने ठरवायचं, क्लेमसाठी कागदावर एक आणि टेबलवर दुसरं असलं काही करू नका, उद्या सगळा क्लेम जाईल आणि नाव खराब होईल ते वेगळं. पण पोटाचं एस्टिमेट स्वतंत्र घ्या. दंड-मांड्या त्याच कागदावर असल्या की टीपीएवाला, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारा, सगळंच कॉस्मेटिक म्हणून बाजूला टाकेल.

ॲडमिट व्हायच्या आधी प्री-ऑथ, म्हणजे क्लेमच्या आगाऊ मंजुरीचा अर्ज, पाठवा आणि उत्तर लेखी घ्या. नकार आला तर विमा कंपनीच्या ग्रीव्हन्स (तक्रार) ऑफिसरला लिहा, 30 दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं, नाशिक त्यांच्याकडेच येतं, फी नाही, वकील लागत नाही, विमा कंपनीने नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं असतं. क्लेम मिळेलच असं मी म्हणत नाहीये. न विचारता 2 लाख 40 हजार खिशातून भरणं मला मान्य नाही एवढंच.

दुसरी गोष्ट, हिमोग्लोबिन फक्त 9.8 आहे असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. आणि गेल्या चार महिन्यांत वजन दोन-तीन किलो वर-खाली होतंय. मी डॉक्टर नाही, पण वजन निदान सहा महिने एका जागी थांबलेलं असावं आणि रक्त-प्रोटीन चांगलं असावं असं सर्जन लोक सहसा म्हणतात, कारण कमी प्रोटीनमध्ये एवढी लांब जखम नीट भरत नाही. जखम भरली नाही तर परत ॲडमिट, परत ड्रेसिंग, परत रजा, आणि मूळ ऑपरेशन कॉस्मेटिक ठरलं असेल तर त्यानंतरच्या गुंतागुंतीचा क्लेमही अडू शकतो. म्हणजे आठेक महिने थांबणं तब्येतीलाही बरं आणि पैशालाही बरं, तोवर तुमच्या कागदांची फाइल पण तयार होते.

या आठ महिन्यांत ऑपरेशनच्याही आधी एक काम करायचं, स्वतःची पॉलिसी. सध्या तिघांचा सगळा भार तुमच्या कंपनीच्या 5 लाखांच्या ग्रुप कव्हरवर आहे. पुण्यात दुसऱ्या नोकरीचा विचार चालू आहे असंही तुम्ही लिहिलंय, नोकरी सुटली की त्या दिवशी कव्हर संपलं. स्लीव्ह झालेल्या माणसाला पुढे पित्ताचे खडे, ॲसिडिटी फार वाढणं, कधीकधी स्लीव्हचं बायपासमध्ये (हृदयाचं नाही, वजनाच्याच दुसऱ्या सर्जरीत) रूपांतर हे सगळं होऊ शकतं, होईलच असं नाही, पण तेव्हा पॉलिसी शोधत बसायचं नाही. आधी आहे त्याच विमा कंपनीला मायग्रेशन विचारा, ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि पूर्ण झालेल्या वेटिंगचा, म्हणजे क्लेम मिळायच्या आधी थांबायच्या काळाचा, फायदा सोबत येतो. ते जमलं नाही तर बाहेर दोन-तीन ठिकाणी कोटेशन घ्या. जुन्या आजारांचं वेटिंग आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, 2024 च्या आधी चार होतं, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, म्हणजे प्रीमियम थोडा हलका झालाय. फॉर्मवर सर्जरी, जुनी शुगर, जुनं बीपी, सगळं खरं लिहा. गोळ्या बंद झाल्या म्हणजे डायबेटिस कधी नव्हतीच असं होत नाही आणि लपवलेली गोष्ट नेमकी क्लेमच्या वेळी बाहेर येते. कोणी लोडिंग म्हणजे जादा प्रीमियम लावेल, कोणी नाही म्हणेल, पुढच्याकडे जा. यासाठी मी महिन्याला 2,000 बाजूला धरतोय, म्हणजे शिल्लक 7,000 ची 5,000 झाली.

आता या 5,000 वर गणित करू. पोटाचे 2 लाख 40 हजार, आणि कंप्रेशन गारमेंट (ऑपरेशननंतर घालायचा घट्ट कपडा), औषधं, ड्रेसिंग, शिवाय चार ते सहा आठवडे घरी राहायचं त्यात तुमच्या फक्त 12 रजा शिल्लक, बाकी बिनपगारी, यासाठी 40,000 तरी धरा. एकूण 2 लाख 80 हजार. आठ महिन्यांचे 40,000 झाले. दिवाळीचा बोनस 40,000 येतो म्हणता, तो यंदा इथे. एफडी पाच महिन्यांनी मॅच्युअर होतेय, आत्ता मोडून दंड कशाला भरायचा, तेव्हा त्याचे दोन भाग करा, 4 लाख परत ठेवा, 1 लाख बाजूला काढा. हप्त्यासकट घर सहा महिने चालवायला साधारण 4 लाख लागतात म्हणून त्या आकड्याच्या खाली जायचं नाही, गॅरेजचा धंदा एखाद्या महिन्यात बसला तर तोच पैसा लागणार आहे. राहिले 1 लाख. त्यासाठी पर्सनल लोन नको, तुमच्या 8 तोळ्यांतले दोन तोळे गहाण ठेवून गोल्ड लोन घ्या, मासिक हप्त्याचं, 10 टक्क्यांच्या आसपास मिळालं तर दोन वर्षं साधारण 4,600 बसतो. 5,000 मध्ये मावतो. काठावर आहे हे मान्य, पण तुमच्या गोळ्यांना आणि मुलीच्या एसआयपीला हात लागत नाही. आणि क्लेम पास झाला तर गोल्ड लोन लागणारच नाही, बहुतेक एफडीतला लाखही परत जाईल.

दंड आणि मांड्यांना आत्ता नाही म्हणतोय. पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून लग्नाला जावं लागतं हे तुम्ही लिहिलंत आणि त्याचा त्रास मला कमी वाटत नाही. पण तिथे जखम होत नाहीये, क्लेम मिळण्यासारखा नाही, आणि तो 3 लाख 80 हजारांचा खर्च नेमका मुलीच्या दोन महत्त्वाच्या वर्षांवर येतोय. तिची बारावी झाली आणि गोल्ड लोन फिटलं की तोच 4,600 चा हप्ता स्वतःच्या नावाने आरडीत टाकायला लागा. तेव्हाही करावंसं वाटलं तर कर्ज न काढता करा, कोणाला विचारायची गरज नाही.

मिस्टरांबद्दल एकच. ते चुकीचं काही बोलत नाहीयेत, त्यांना 6 लाखांचा आकडा दिसतोय आणि मुलीची फी दिसतेय. मुलीच्या दोन वर्षांच्या क्लासला जे सव्वा लाख लागणार ते म्युच्युअल फंडातल्या 3 लाख 40 हजारांतून जातील, तिथे आपण बोटही लावत नाही, हे त्यांना कागदावर मांडून दाखवा. आणि स्किनच्या डॉक्टरकडे पुढच्या वेळी त्यांना सोबत न्या. तुम्ही ती जखम त्यांच्यापासूनही झाकता असं लिहिलंय, मग त्यांना हा दिसण्याचा खर्च वाटला तर नवल नाही.

एचआरकडून ग्रुप पॉलिसीचं पूर्ण वर्डिंग मागवा, दोन पानी कार्ड नको. काही ग्रुप पॉलिसीत कॉस्मेटिकचं कलम सैल केलेलं असतं, काहींत आणखी घट्ट. ते आणि हिमोग्लोबिनचा नवीन रिपोर्ट आला की मला पाठवा, प्री-ऑथसोबत जोडायचं पत्र आपण मिळून लिहू.