आधी चार सुती पटाशी

प्रश्न : निवृत्तीनंतर सुतारकामाचा छंद लागला. दोन वर्षांत तीन रंधे, अकरा पटाश्या (लाकूड तासायच्या, कोरायच्या छिन्न्या) आणि चार करवती जमल्या. तरी कुसू (फळीचं सांध्यासाठी कापलेलं टोक) सालीत, म्हणजे त्याच्या खाचेत, नीट बसत नाही आणि रंधा लाकूड ओरबाडतो. बेळगावच्या एका दुकानात परदेशी लोखंडी रंधा बघितला, किंमत माझ्या निम्म्या पेन्शनइतकी. घेऊ का?
(एक निवृत्त शिक्षक, खानापूर)

उत्तर : गुरुजी, नका घेऊ. निदान तुमच्याकडचा पाऊस सरेपर्यंत तरी नकोच.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात हिशेब लिहायचो आणि रविवारी वडगावातल्या घरामागे रंधा मारायचो. पहिली पाच वर्षं पगारातून काही उरलं की त्याचं हत्यार यायचं. काम बिघडलं की मला वाटायचं, अजून एखादं हत्यार कमी पडतंय. एकदा नवी पटाशी ग्राइंडरवर धरली, कड निळी पडली. गल्लीतल्या मेस्त्रींनी ती उजेडात धरली आणि म्हणाले, "ह्याचं पाणी गेलं बघा." पोलाद तापून निळं पडलं की धार टिकत नाही, तेवढा भाग झिजवून टाकावा लागतो. मग त्यांनी स्वतःची एक चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाची पटाशी माझ्या हातात दिली. महिनाभर दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही, ही त्यांची अट. माझं शिकणं खरं त्या महिन्यात सुरू झालं.

तुम्हीही तेच करा. जाड काचेवर ४०० नंबरचा पाणपेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) चिकटवा. आधी पटाशीची पाठ, धारेकडचा इंचभर भाग, सपाट करा. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळे तेच टाळतात. पण पाठ खडबडीत राहिली तर पुढून कितीही घासा, धार तिथंच अडते. नंतर उतार २५ अंशाचा आणि अगदी टोकाची कड ३० अंशाची ठेवा. पाठीकडून बोटाला बारीक कंगोरा लागला की १००० चा पेपर घ्या. शेवटी चामड्यावर ओढा. मी अथणीच्या एका चप्पल कारागिराकडून कातरण आणली होती, तीच अजून वापरतो. सागवानाच्या फळीचं आडवं कापलेलं टोक तासून बघा. चकाकलं तर धार आली, पांढुरकं आणि चुरगळलेलं दिसलं तर पुन्हा काचेवर जा.

रंधा ओरबाडतो तो बहुतेक वेळा लाकडाच्या रेषेच्या, म्हणजे धाग्यांच्या, उलट चालल्यामुळे. फळी फिरवून धरा आणि पातं केसभर आत घ्या. रंधा लाकडी असेल तर पावसाळ्यात त्याचा तळही वाकतो. गुण्याची (काटकोनाच्या पट्टीची) कड टेकवून उजेड दिसतो का बघा.

कुसवाचं कोडं थोडं हवेचंही आहे. सागवान लांबीला जवळजवळ हलत नाही, पण रुंदीला हलतो, आणि वलयांच्या दिशेनं तर गाभ्याकडून झाडाच्या सालीकडे जाणाऱ्या दिशेपेक्षा दुपटीहून जास्त. मोडीत निघालेल्या हातमागाच्या जुन्या सागवानाची पेटी मी ऑगस्टात घट्ट बसवली होती, एप्रिलात तिचे सांधे खुळखुळले. आता पावसाळ्यात फक्त ओबडधोबड तासून ठेवतो, शेवटचं माप दिवाळीनंतर घेतो.

बावीस वर्षं झाली. आज माझ्या हाताशी पाच हत्यारं असतात, बाकीची शिलाई मशीनचं तेल लावून पेटीत. पातं बोथट व्हायला लागलं की रंध्याचा आवाज जड होतो. लाकूड फाटायच्या आधी तो कानाला कळतो आणि मी थांबतो. पूर्वी फाटल्यावर कळायचं, आणि मी दुकान गाठायचो. मेस्त्री गेले तेव्हा त्यांच्या मुलानं त्यांचा बाभळीचा रंधा मला दिला. त्याच्या मुठीला त्यांच्या अंगठ्याची खळी पडलेली आहे. माझा अंगठा तिच्यात बसत नाही, पण मी ती घासून बदललेली नाही.

तुमच्या अकरांतली कुठली पटाशी आधी उचललीत, ते महिन्यानं मला जरूर कळवा.