वर्गणीची परवानगी म्हणजे नोंदणी नव्हे

प्रश्न : साखर पेठेत आमचं गणेश मंडळ आहे. यंत्रमागावर रातपाळी करणारी दोन पोरं खोकल्याचं औषध आणि गुंगीच्या गोळ्यांच्या नादी लागलीत. त्यांच्यासाठी व्यसनमुक्ती केंद्र काढायचंय. सरकारी अनुदान मिळेल का?
– एक कार्यकर्ता, सोलापूर

उत्तर : मिळू शकतं, पण मंडळ म्हणून नाही. गणपतीत धर्मादाय कार्यालयातून सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१क खाली घेता ती परवानगी वर्गणीपुरती असते. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाला नोंदणीकृत संस्था, दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरची नोंद आणि तपासलेले हिशेब लागतात. आमची फाईल एकदा एका सहीपायी आठ महिने अडली होती; तेव्हा प्रत्येक कागदाची पोच घ्या, भाऊ.

पोरांना मात्र तोवर ताटकळत ठेवू नका. १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा, पैसे पडत नाहीत. आणि खोलीत कोंडून व्यसन सोडवायला जाऊ नका! नशेसाठी घेतात त्या खोकल्याच्या औषधात बहुधा कोडीन असतं, ते अफूच्या जातीचं; अशा औषधांची सवय अशी तुटत नाही. अंग मोडून येतं, जुलाब लागतात, झोप उडते. काही दिवसांच्या खंडानंतर जुनाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो. हा त्रास आणि तलफ कमी करायला मानसोपचारतज्ज्ञ जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देतात, ती त्यांच्याच देखरेखीखाली. यंदाच्या वर्गणीतून पोरांना डॉक्टरकडे न्यायचं रिक्षाभाडं तरी काढा.