पंधरवड्यात अकरा वेळा खीर

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. गेल्या वर्षी यजमान गेले. दोन वर्षं त्यांचं डायलिसिस चालू होतं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. आम्ही रिक्षाने दहा मिनिटांत पोचायचो, पण शेजारच्या खाटेवरची माणसं पहाटेची एसटी धरून यायची. आता त्यांच्या नावाने वर्षाला ६०,००० रुपये द्यावेत असं मनात आहे. पण कुणाचाही फोन आला की मी ५०० रुपये पाठवते, आणि पाठवले की फोन आणखी वाढतात. दारावर आलेल्या एकाला २,००० रुपये रोख दिले. पावतीवर नुसता शिक्का. जाऊबाई म्हणतात, एखाद्या वसतिगृहात कायम ठेव ठेव आणि त्यांच्या तिथीला मुलांना गोडाचं जेवण लावून टाक. न्यू जर्सीतल्या मुलालाही भर घालायची आहे. कुठे द्यावं? आणि बाकीच्यांना नाही कसं म्हणावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, जाऊबाईंचा सल्ला आधी घेतो, कारण या तिथीभोजनाशी माझं जुनं वैर आहे. धर्मादाय संस्थांचे हिशेब तपासण्यात माझी एकतीस वर्षं गेली. त्यातल्या एका वसतिगृहात साठ मुलं होती. एकदा पितृपक्षातच तपासणीला गेलो होतो. पंगतीत माझ्या शेजारी पाचवीतला एक मुलगा बसला होता. वाटी वाढल्यावर त्याने आत डोकावून पाहिलं, ‘आज पण खीर?’ म्हणाला आणि वाटी पलीकडच्याकडे सरकवली. दुपारी वही उघडली. त्या पंधरवड्यात अकरा दिवस खीर, प्रत्येक दिवस कुणाच्या तरी स्मरणार्थ. आणि त्याच वहीत, दोन पानं पुढे, दूधवाल्याचं तीन महिन्यांचं बिल थकलेलं. अधीक्षकांना विचारलं, तर म्हणाले, ‘साहेब, खिरीला पैसे आहेत, दुधाला नाहीत.’

कायम ठेवीची गंमत अशी. कुणीतरी ५,००० रुपये ठेवले तेव्हा व्याज बारा टक्के होतं. वर्षाचे ६०० रुपये यायचे आणि साठ मुलांचं गोडाचं जेवण त्यात निघायचं. आज सात टक्के धरले तर ३५० रुपये होतात. त्यात साधा वरणभातही होत नाही. पण भिंतीवर संगमरवरी पाटी आहे, नातेवाईक तिथीला येतात, तेव्हा खीर करावी लागते. वरचे पैसे संस्था आपल्या खिशातून घालते. म्हणजे ती देणगी संस्थेलाच महाग पडते. मुद्दलाला हात लावायचा नाही, ही अट दात्याला फार पवित्र वाटते. मला नाही वाटत.

तेव्हा ठेव नको. चालू खर्चासाठी द्या, आणि पत्रात तसं स्पष्ट लिहा : ‘ही रक्कम संस्थेने गरजेप्रमाणे वापरावी.’ वीजबिल, स्वयंपाकिणीचा पगार, गाडीचं डिझेल. याला देणगीदार मिळत नाहीत. वॉटर कूलरला मिळतात. एका आश्रमशाळेच्या व्हरांड्यात मी तीन कूलर ओळीने पाहिलेत, तिन्हींवर नावं. प्लग एकाचाच लावलेला, कारण बिल.

आता कुठे द्यायचं. ते तुम्ही मला पत्रातच सांगितलंय. दोन वर्षांचं दुखणं तुम्ही चार ओळींत उरकलंत, आणि त्यातही पहाटेची एसटी विसरला नाहीत. डायलिसिसचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होऊ शकतो. पण सोबत आलेल्या भावाचा बुडालेला रोज, स्टँडपासूनची रिक्षा, चार तास बाहेर बाकावर बसणाऱ्या बायकोचं जेवण, हे त्या योजनेत धरलेलं नसतं. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. त्यांना जाऊन भेटा. रुग्णांच्या नातेवाइकांना डबा देणारी, नडलेल्याला औषध आणून देणारी गावातली संस्था कोणती, हे त्यांना तोंडपाठ असतं. आनंदवन, हेमलकसा, ‘सर्च’ ही मोठी नावं आहेत, तिथे दिलंत तरी वाया जाणार नाही. पण सांगलीतली संस्था तुम्ही मंगळवारी सकाळी न सांगता जाऊन पाहू शकता. एकही पटली नाही, तर पितृपक्षात पुण्याला ‘देणे समाजाचे’ नावाचं संस्थांचं प्रदर्शन भरतं. तिथे स्टॉलवर कार्यकर्त्यांशीच बोलता येतं.

पाहायला जाल तेव्हा ताळेबंद मागा. नोंदणीकृत न्यासाला तो धर्मादाय आयुक्तांकडे द्यावाच लागतो. परिशिष्ट आठ म्हणजे ताळेबंद, नऊ म्हणजे जमाखर्च. द्यायला कुरकुर केली तर चहा पिऊन उठा. मी सगळ्यात आधी ‘सादिलवार’, म्हणजे किरकोळ खर्च, पाहतो. शाळेत तुम्हीही सादिलवार लिहिलंच असेल, त्यात काय काय बसतं हे मी तुम्हाला सांगायला नको. तो आकडा फुगलेला असेल तर विचारा. पगारावरचा खर्च पाहून मात्र दचकू नका. ‘आमच्याकडे प्रशासनावर शून्य खर्च’ म्हणणाऱ्यांचा मला जास्त संशय येतो. कुणीतरी जागा फुकट दिलेली असते, कुणीतरी फुकट राबत असतं, आणि तो माणूस थकला की संस्था बंद.

दारावरच्या पावतीबद्दल : खऱ्या पावतीवर नोंदणी क्रमांक असतो, बहुतेकदा ‘ई’ किंवा ‘एफ’ने सुरू होणारा. ते २,००० रुपये गेले असं समजा. ८०-जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देणगीवरच्या करवजावटीसाठी तेवढीच रोख चालते, त्यावर चेक किंवा बँकेतून. पण तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावट मिळतच नाही, तेव्हा त्यासाठी जीव टाकू नका.

वर्षाचे ६०,००० म्हणजे महिन्याला ५,०००. त्यातले ४,००० एकाच संस्थेला, बँकेला सांगून दर महिन्याच्या पाच तारखेला. निदान तीन वर्षं. महिन्याला ठरलेले पैसे येणार म्हटल्यावर संस्था डबेवालीला कामावर ठेवू शकते. मार्चअखेरीस एकदम आलेल्या पैशांवर नाही ठेवता येत. उरलेले १,००० रुपये मोहाचे. कामवालीच्या मुलीची फी, एखादा फोन, देवळातलं अन्नदान, काय वाटेल ते. महिन्याचे १,००० संपले की ‘या महिन्याचं देऊन झालं’ असं म्हणायचं. ते खरंच असतं, त्यामुळे आवाज कापत नाही. माझी बायको हे माझ्यापेक्षा छान म्हणते, आणि पुढचं वाक्य यायच्या आत फोन ठेवते.

मुलाचं पारपत्र भारतीय असेल तर त्याने आपल्या पैशातून खुशाल द्यावं. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो पैसा विदेशी देणगी ठरतो. संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत त्यासाठीचं खातं लागतं. गावातल्या लहान संस्थेकडे ते बहुधा नसतं. त्याचे पैसे तुमच्या खात्यातून फिरवू नका, अडचणीत संस्था येते. त्याला म्हणावं, सुट्टीत येशील तेव्हा एक मंगळवार डबे वाटायला चल.

परिशिष्ट नऊ हातात आलं की त्याची झेरॉक्स मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. सादिलवार मी बघतो.