स्ट्रोकनंतर बाबांना समोरच्याचा राग, दुःख कळतच नाही. ते मुद्दाम दुर्लक्ष करतात का?

बहुतेक वेळा मुद्दाम नसतं. चेहऱ्यावरून आणि आवाजावरून भावना ओळखण्याची मेंदूची क्षमताच कमी झालेली असते. मेंदूच्या उजव्या भागात स्ट्रोक झाला की हे जास्त दिसतं. शब्द नीट समजतात, पण "जा बाबा तू" हे चिडून म्हटलंय की लाडाने, ते उमगत नाही. त्यातून गैरसमज होतात, मित्र येईनासे होतात आणि घरच्यांना हे फार लागतं. म्हणून भावना सरळ शब्दांत सांगा: "मला वाईट वाटलंय." टीव्ही बंद करून, समोर बसून, एका वेळी एकानेच बोला. स्पीच थेरपिस्ट किंवा न्यूरोसायकॉलॉजिस्ट (मेंदू आणि वागणूक यांचा संबंध तपासणारे मानसशास्त्रज्ञ) याची तपासणी करून सराव देऊ शकतात. मात्र स्ट्रोकनंतरचं नैराश्यही बाहेरून असंच दिसू शकतं आणि त्यावर उपचार आहेत, तेव्हा आधी डॉक्टरांकडून ते तपासून घ्या.