रिपोर्टमधले ४३ आणि ताटातला भात

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये स्लाउला राहतो. नवरा बेचाळीस वर्षांचा, अंगाने शिडशिडीत, पोट तेवढं थोडं सुटलंय. जीपीकडच्या (इथल्या फॅमिली डॉक्टरांकडच्या) तपासणीत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, ४३ आलं आणि 'प्रीडायबेटिस' असं कळवलं. पुण्यातला दीर म्हणतो, असा आकडाच नसतो. सध्या आमच्याकडे आलेल्या सासूबाई म्हणतात, घरचं साधं शाकाहारी जेवण असताना साखर वाढेलच कशी? भात बंद करून किनोआ सुरू करू का?

उत्तर : दिरांनी पाहिलेले रिपोर्ट टक्क्यांतले असणार. इंग्लंडमध्ये हाच आकडा वेगळ्या एककात देतात. तुमचे ४३ म्हणजे साधारण ६.१ टक्के. ४२ ते ४७ हा मधुमेहाचा उंबरठा, म्हणजेच प्रीडायबेटिस; ४८ पासून मधुमेह.

शिडशिडीत अंगावर विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडची माणसं वरून बारीक दिसतात आणि चरबी पोटात साठवतात. म्हणून दक्षिण आशियाई लोकांसाठी बीएमआयची धोक्याची रेघ २५ नाही, २३ धरतात. पोटाचा घेरही मोजा : पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांचा ८०च्या.

आता सासूबाईंचा मुद्दा. जेवण साधं आहे, पण त्यात काय किती आहे ते बघा. आधी वरणभात, मग पोळी आणि बटाट्याची भाजी, शेवटी ताकभात. वरण पातळ, कोशिंबीर चमचाभर. म्हणजे ताटात जवळपास सगळा स्टार्चच. त्यात परदेशात सकाळी सीरियल, दुपारी सँडविच, चारला चहाबरोबर बिस्किटं आणि नीट बसून होणारं जेवण एकच, तेही रात्री साडेआठला. त्यानंतर सोफा.

किनोआ वाईट नाही, पण तोही भातासारखा तीनदा वाढून घेतला तर खर्च तेवढा वाढेल. त्यापेक्षा अर्धं ताट भाजी आणि कोशिंबिरीला द्या. बटाटा भाजीत धरू नका. पाव भागात घट्ट वरण, मटकीची उसळ किंवा पिठलं. अंडी-मासे चालत असतील तर तेही. उरलेल्या पाव भागात पोळी किंवा भात, दोन्ही नाही. फ्रोझन पालक, फरसबी, कोबी इथे स्वस्त मिळतात; मेथीच हवी असा हट्ट नको. पोहे करायचे तर मूठभर मटार, दाणे घाला आणि पोहे कमी करा. ज्वारीची भाकरी जमली तर उत्तम, पण तीही मोजूनच. जेवण साडेसहा-सातला घ्या आणि नंतर पंधरा मिनिटं चाला, पाऊस असेल तर घरातल्या घरात.

याने खरंच फरक पडतो का? अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, अशी उद्दिष्टं होती. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. भारतीयांवरच्या, २००६ सालच्या अभ्यासात आहार-व्यायामाने ही घट २८.५ टक्के होती. कमी वाटेल, पण त्याच अभ्यासात मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनेही साधारण तेवढंच साधलं. तुमच्या नवऱ्याचं वजन आधीच बेताचं असेल तर किती उतरवायचं हे जीपीला विचारा. घेर कमी होतोय ना, यावर लक्ष ठेवा.

शिवाय इंग्लंडमध्ये एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा, मधुमेह प्रतिबंधाचा नऊ महिन्यांचा कार्यक्रम मोफत आहे. ४३ वर जीपी तिथे नाव पाठवू शकतात. पाठवलं नसेल तर मागून घ्या, संकोच करू नका. आणि एचबीए१सी दरवर्षी तपासा.

एक सावधगिरी सासूबाईंसाठी. त्या मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असतील, तर मुलाच्या ताटाबरोबर त्यांचाही भात एकदम कमी करू नका. काही औषधांवर साखर अचानक खाली जाते. आधी डॉक्टरांशी बोला. संकष्टी करत असतील तर तेही सांगा. इथे उन्हाळ्यात चंद्रोदय बराच उशिरा होतो. तोवर पोट रिकामं आणि नंतर साबुदाण्याची खिचडी, हे दोन्ही त्यांच्या औषधांना सोसणारं नाही.